समाजकार्य करणाऱ्यांचा पगार

घोटीत आमच्या संस्थेचं ऑफिस भाताच्या गिरणीमागच्या गल्लीत होतं आणि काम इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी-ठाकर वाड्यांवर. जातीचे दाखले, रेशन कार्ड, बचत गट, वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांची शाळा. 2022 मध्ये उभाड्याच्या कातकरी वस्तीतली लेकरं मेंढ्या राखायला वेठीला दिल्याचं उघड झालं. त्यानंतर वेठबिगारी निर्मूलनाचा 1976 चा कायदा आम्हा सगळ्यांना कलमांसकट पाठ झाला. आमच्यातल्या निम्म्याअधिक लोकांकडे स्वतःच्या नेमणुकीचं पत्र मात्र नव्हतं.

करार अकरा महिन्यांचा आणि कागदोपत्री आम्ही 'सल्लागार'. वाडीवर बालवाडी घेणारी बारावी पास मुलगीसुद्धा सल्लागारच! त्यामुळे पीएफ नाही, उलट दर महिन्याला दहा टक्के टीडीएस कापला जायचा. आमचं उत्पन्न करपात्र मर्यादेपर्यंत कधीच पोचत नव्हतं, पण रिटर्न भरल्याशिवाय ते पैसे परत मिळत नाहीत हे कुणी सांगितलंच नव्हतं. वैतरणेकडच्या वाड्यांवर भर पावसात गाडी घालायची आणि पेट्रोलचं बिल तीन महिन्यांनी मंजूर व्हायचं. मार्चअखेर प्रोजेक्ट संपला की एप्रिल-मे बिनपगारी. काम थांबायचं नाही, कारण दाखल्यांची गर्दी नेमकी तेव्हाच. विषय काढला की उत्तर ठरलेलं, "आपण समाजकार्य करतो, नोकरी नाही."

सगळं खापर संचालकांच्या डोक्यावर फोडणं बरोबर नाही. देणगीदाराला शाळेत आलेली मुलं मोजायची असतात, त्यांना शाळेत आणणाऱ्या बाईचा पगार त्याला 'खर्च' वाटतो. परदेशी देणगीच्या कायद्यात 2020 साली बदल झाला आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली. ऑफिसातल्या माणसांवर त्याची पहिली कुऱ्हाड पडली. पण पैसा कमी आहे म्हणून माणसाला पत्रच द्यायचं नाही, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

डिसेंबर 2023 मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविका-मदतनीस संपावर गेल्या. 4 डिसेंबरला सुरू झालेला संप 25 जानेवारीला मिटला. त्या काळात एका वाडीवर अंगणवाडीच्या ताई भेटल्या. मी म्हटलं, "ताई, पगार बुडतोय, भीती नाही वाटत?" त्या म्हणाल्या, "एकटी असते तर वाटली असती. तुम्ही आमच्या गटाला एकजूट शिकवायला येता, तुमची युनियन कुठाय?" मला उत्तर सुचलं नाही.

मग आम्ही तालुक्यातल्या दोन-तीन संस्थांमधली ओळखीची माणसं बाजाराच्या दिवशी जमू लागलो. ऑफिसात बोलायची सोय नव्हती. नाशिकच्या सातपूर वसाहतीत आयुष्य घालवलेले एक जुने युनियनवाले काका बोलावल्यावर एसटीने आले. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. 1926 च्या ट्रेड युनियन कायद्याने तेव्हा नोंदणीच्या अर्जाला किमान सात सह्या लागत, आणि 2001 च्या दुरुस्तीनंतर आस्थापनेतल्या दहा टक्के किंवा शंभर, यांतल्या कमी असतील तितक्या कामगारांचं सभासदत्वही. दुसरी गोष्ट बंगलोर वॉटर सप्लाय खटल्याची. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी 'उद्योगा'ची व्याख्या इतकी रुंद केली, की नफा नाही एवढ्या कारणाने कुठली संस्था तिच्याबाहेर राहत नव्हती. "कुठली ताई काय म्हणते ते लिहून ठेवा, पगाराची पासबुकातली नोंद जपा, भाषणं नंतर," असं काका म्हणाले. हे शेवटचं सगळ्यात उपयोगी पडलं.

सह्या काही जमेनात. जो तो म्हणे, पुढच्या करारात माझं नाव गळेल. एका मुलाचं गळलंही, कारण न देता. तरी आम्ही आठ जणांनी मिळून एक पत्र दिलं. त्यात नेमणूकपत्र, महिन्याच्या आत पेट्रोलचे पैसे आणि प्रोजेक्ट संपण्याआधी दोन महिने सूचना, एवढंच मागितलं होतं. पहिल्या दोन मागण्या मान्य झाल्या. अकरा वर्षं पगारपत्रकावर असलेल्या आमच्या मावशी निवृत्त झाल्या, तेव्हा ग्रॅच्युइटीचा हिशोबही आम्हीच मांडून दिला. शेवटचा पगार 13 हजार, त्याला 26 ने भागून 15 ने गुणायचं, मग वर्षांनी. साडेब्याऐंशी हजार झाले. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला 1972 चा ग्रॅच्युइटी कायदा लागू होता, धर्मादाय असली तरी. मावशींना रक्कम दोन हप्त्यांत मिळाली.

नोंदणी राहिली ती राहिलीच. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि पूर्णतः किंवा मुख्यतः धर्मादाय, सामाजिक किंवा परोपकारी सेवा करणाऱ्या संघटनांच्या संस्था 'उद्योगा'च्या व्याख्येतून वगळल्या गेल्या. औद्योगिक विवाद म्हणून दाद मागायची वाट आमच्यासारख्यांना जवळपास बंद झाली. ही तरतूद अन्यायाची आहे असं माझं मत आहे. कारखान्यातल्या शिपायाला जे मिळतं, ते आदिवासी मुलांना शिकवणाऱ्या बाईला नाकारायला 'परोपकार' हे कारण पुरत नाही.

संघटना करण्याचा हक्क मात्र घटनेच्या कलम 19 मध्ये आहे, तो या संहितेने गेलेला नाही. इगतपुरी-त्र्यंबकच्या वाड्यांवर काम करणाऱ्या बायाबापड्यांनी आधी नेमणूकपत्र लेखी मागावं, एकट्याने नाही, चौघांनी मिळून. टीडीएस कापला जात असेल तर रिटर्न भरावा. आणि नोकरी सुटली तर ग्रॅच्युइटीचा अर्ज तीस दिवसांच्या आत द्यावा.