हॅवलॉकला सूर्य लवकर मावळतो

मराठी माणूस अंदमानला जातो तो आधी सेल्युलर जेलसाठी. मीही पोर्ट ब्लेअरला उतरल्यावर पहिल्यांदा सावरकरांची कोठडी पाहिली. इथवरचा बेत घरच्यांना पटला होता. हॅवलॉक बेटाचं नाव काढल्यावर मात्र आईचा चेहरा बदलला. "तिथे तर नुसता समुद्र. एकटी काय करणार तू?" आमचं गाव रत्नागिरीजवळचं, समुद्राकाठचं. तेव्हा तिचा प्रश्न समुद्राबद्दल नव्हता, 'एकटी'बद्दल होता.

फिनिक्स बे जेटीवरून मी सरकारी बोट धरली. खासगी बोटी दीड तासात पोचवतात, पण प्रवाशांना काचबंद एसीत बसवून. सरकारी बोटीला अडीच तास लागतात आणि डेकवर उभं राहता येतं. माझ्या आजूबाजूला सगळी बेटावरची माणसं होती. कांद्याची पोती, अंड्यांचे ट्रे, कुणाच्या मांडीवर नवाकोरा मिक्सर, एका म्हाताऱ्याच्या हातात एक्स-रेचं मोठं पाकीट. मोठ्या तपासणीसाठी बेटावरून पोर्ट ब्लेअरच गाठावं लागतं. बोटीच्या कडेने उडते मासे सुटत होते. पाण्याच्या वीतभर वरून, पंख न हलवता सरळ रेषेत जात आणि डुबकन दिसेनासे होत. कोकणात जन्म काढून मी ते पहिल्यांदा पाहिले.

२०१८ च्या डिसेंबरात हॅवलॉकचं 'स्वराज द्वीप' झालं. आधीचं नाव १८५७ चा उठाव मोडणाऱ्या जनरल हेन्री हॅवलॉकचं, त्यामुळे ते गेलं हे बरंच झालं. बोटीवर मात्र सगळ्यांच्या तोंडी हॅवलॉकच होतं. जेटीवर हॉटेलवाले पाट्या धरून उभे होते, बहुतेक पाट्यांवर 'मिस्टर अँड मिसेस'. हे मधुचंद्राचं बेट. रिक्षावाल्याने माझी सॅक उचलली, माझ्या मागे डोकावून पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, सर किधर हैं?" सर नाहीत म्हटल्यावर तो क्षणभर थांबला, मग भाडं सांगितलं. भाव दोघांचाच होता.

तिथे किनारे आकड्यांनी ओळखतात. तीन नंबरला बाजार, पाच नंबरला राहायची ठिकाणं, सात नंबर म्हणजे राधानगर. माझी झोपडी पाच नंबरला, सुपारीच्या बागेत. किनाऱ्यावर गेले तर ओहोटी लागलेली. पाणी दूरवर हटलेलं आणि मधे मेलेल्या प्रवाळाचे धारदार खडक उघडे पडलेले. शिंपला म्हणून ज्याच्याकडे हात नेला तो चालू लागला. बोराएवढा शंख आणि त्यातून बाहेर आलेले खेकड्याचे पाय. थोड्या वेळाने लक्षात आलं, आसपासची निम्मी 'शिंपली' चालत होती.

दुपारी सरकारी बसने सात नंबरला गेले. बेट ओलांडून दहा-बारा किलोमीटर, वाटेत भातखाचरं आणि केळी. बस थांबते ती उंच समुद्रमहुआच्या दाट राईत. खोड सरळसोट, उन्हाला आत वाव नाही. त्या गारव्यातून बाहेर पाऊल टाकलं की समोर पांढरी वाळू आणि एकदम निळं पाणी. 'टाइम' मासिकाने २००४ मध्ये या किनाऱ्याला आशियात सर्वोत्तम ठरवलं होतं, ते उगाच नाही. पोहण्याच्या जागेला दोऱ्या लावलेल्या आहेत आणि मगरींपासून सावध राहण्याचा फलक आहे. तो शोभेसाठी नाही. २०१० मध्ये याच भागात एक अमेरिकन पर्यटक खाऱ्या पाण्यातल्या मगरीने मारली गेली.

मी पाण्यात होते आणि जीवरक्षकाची शिट्टी झाली. सगळ्यांना बाहेर काढत होते. घड्याळात पाचही वाजले नव्हते आणि सूर्य पाण्याला टेकायला आला होता. हिशेब सोपा आहे. हे बेट मुंबईच्या वीस अंश पूर्वेला, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने ऐंशी मिनिटं पुढे. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. शाळेत शिकलेलं हे गणित अंगावर आलं ते साडेपाचला, महुआच्या राईत मिट्ट काळोख झाल्यावर. जोडपी आपापल्या ठरवलेल्या गाड्यांत बसून निघून गेली. मी बाजाराला जाणाऱ्या शेअर रिक्षात एक मासळीवाली आणि शाळेतली दोन पोरं यांच्यामधे अंग चोरून बसले.

झोपडीवर पोचले तेव्हा साडेसहा वाजले होते आणि रात्र पुरती झाली होती. फोनला रेंज नाही. जेवण आठला. एकटेपणा म्हणतात तो या दीड तासात भेटतो. दिवसा समुद्र सोबतीला असतो. संध्याकाळी आजूबाजूच्या प्रत्येक टेबलावर दोन खुर्च्या भरलेल्या असतात. मी उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिले. मालकीणबाई सुरमईच्या तुकड्यांना हळद-मीठ चोळत होत्या. बंगाली वळणाच्या हिंदीत त्यांनी विचारलं, "अकेला आया?" मी हो म्हटलं. त्यांनी पाट पुढे सरकवला आणि समोर लसूण टाकला.

लसूण सोलता सोलता त्यांच्याकडून बेटाची हकीकत कळली. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना सरकारने १९५० च्या दशकात इथे जमिनी देऊन वसवलं. त्यांत बाईंचे सासरे होते. तेव्हा सगळं जंगल. झाडं तोडून शेतं केली आणि गावांना नावं दिली ती आपल्या देवांची. गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर. पर्यटक ज्यांना तीन आणि सात नंबर म्हणतात ती यांतलीच गावं. बाई हे सांगताना हात थांबवत नव्हत्या आणि आवाजही चढवत नव्हत्या. मोहरीतलं कालवण त्यांनी मला स्वयंपाकघरातच वाढलं. नऊला सगळं बेट झोपलं, मीही झोपले.

जाग आली ती पहाटे पाचला, आपोआप. पाच नंबरचा किनारा पूर्वेचा. पाणी भरतीने झाडांच्या मुळांपर्यंत आलेलं, काल दिसलेले खडक गायब. त्या वेळी किनाऱ्यावर जोडपी नसतात. कोळी जाळी नीट करत असतात, बायका अंगण झाडत असतात. साडेसहापर्यंत लख्ख ऊन. पुण्यात थंडीत या वेळी दिवे लावावे लागतात. तेव्हापासून मी बेटाच्याच वेळा धरल्या आणि संध्याकाळ लांब वाटायची थांबली.

एकट्या बाईने हॅवलॉकला जावं का, असं मला अजूनही विचारतात. जरूर जावं. फक्त दिवस पहाटे पाचला सुरू करा आणि सात नंबरहून परतायची सोय काळोखाआधी ठरवून ठेवा. शंख, शिंपले, प्रवाळ उचलू नका, ते बेटाबाहेर नेणं गुन्हा आहे आणि विमानतळावर बॅगा तपासतात. आणि विमान असेल त्याच्या आदल्या दिवशीच पोर्ट ब्लेअरला परत या. समुद्र खवळला तर बोट सुटत नाही.