बंद केलेला वाल

1.
नामपूर. मोसमकाठचं गॅरेज. रस्त्याने कांद्याचे ट्रॅक्टर बाजार समितीकडे चाललेत. माझी जुनी पेट्रोल गाडी, इंजेक्शनची. न्यूट्रलला थरथरते, मग बंद पडते. फिटरने वाकून पाहिलं. "ईजीआर बंद करून टाकू, भाऊ. दहा मिनिटांचं काम."

2.
त्याच्या डब्यात पत्र्याचे कापून ठेवलेले तुकडे. गॅस्केटच्याच आकाराचे, बोल्टची भोकं पाडलेले. मधलं भोक मात्र नाही. डबा निम्मा भरलेला.

3.
ईजीआरचं काम एवढंच: जळालेल्या वायूचा थोडा भाग परत इंजिनात सोडायचा. त्यात जळण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. तो जागा अडवतो, उष्णता शोषतो, आणि ज्वाला जरा थंड राहते. थंड का ठेवायची? हवेत 78 टक्के नायट्रोजन असतो. एरवी तो कुणाच्या वाटेला जात नाही. साधारण 1,500 अंशांच्या पुढे मात्र ऑक्सिजनशी जुळायला लागतो, आणि तापमान चढेल तसा फार झपाट्याने. सोव्हिएत शास्त्रज्ञ याकोव्ह झेल्दोविच यांनी 1940 च्या दशकात ही प्रक्रिया मांडली. अमेरिकी गाड्यांत हा वाल 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला आला.

4.
"बंद केला की पिकअप वाढतो," असं सगळे सांगतात. पण धडका वाल न्यूट्रलला बंदच असतो आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी बंदच. उघडतो तो मधल्या चालीत. पत्रा टाकल्यावर गाडी सुधारते, कारण अडकून उघडा राहिलेला वाल त्या पत्र्याने झाकला जातो. दोष कार्बनचा आहे. शिक्षा वालाला होते.

5.
तरी मी हो म्हटलं. घाई होती, ताहाराबादला जायचं होतं. 200 रुपये.

6.
तीन आठवडे गाडी छान चालली. मग सेलबारी घाट. तिसऱ्या गिअरमध्ये, अर्ध्या ॲक्सिलरेटरवर, इंजिनातून बारीक टकटक. डब्यात खडे हलवावेत तशी. ॲक्सिलरेटर सोडला की थांबे, दिला की पुन्हा.

कारण नंतर समजलं. ईजीआरचा वायू आत असताना मिश्रण सावकाश जळतं, म्हणून कारखान्यात ठिणगीची वेळ त्या हिशेबाने थोडी आधीची ठेवलेली असते. वायू बंद झाला, पण ठिणगी जुन्याच वेळेला पडत राहिली. जुन्या गाडीच्या कॉम्प्युटरला पत्र्याचा पत्ताच नव्हता. अशी टकटक फार दिवस चालू दिली तर पिस्टन जातो.

7.
पीयूसी काढली. पास. माझ्या गाडीच्या कागदावर रकाने दोनच: कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन. डिझेल गाडीचा धूर किती दाट आहे ते बघतात. नायट्रोजनच्या ऑक्साइडसाठी रकानाच नाही.

8.
डिझेलवाल्यांची तक्रार खरी आहे, ती उडवून लावणार नाही. काजळी आणि ऑइलची वाफ एकत्र येऊन मॅनिफोल्डमध्ये डांबरासारखा थर बसतो. कांदा भरून मालेगावला रोज फेऱ्या मारणाऱ्या पिकअपवाल्याला गाडी उभी ठेवणं परवडत नाही. वाल बंद केला की काळा धूर कमी होतो. डोळ्यांना दिसणारं कमी होतं.

9.
लॉस एंजेलिस, 1950 च्या सुमारास. आरी हागेन-स्मिट अननसाच्या वासाचं रसायन शोधत होते. तिथून ते शहराच्या धुरकट हवेकडे वळले. गाड्यांतले हायड्रोकार्बन, नायट्रोजनचे ऑक्साइड आणि वर ऊन, यांतून ओझोन तयार होतो हे त्यांनी दाखवलं. ओझोन मोजायला त्या काळी वाकवलेल्या रबराच्या पट्ट्या वापरत. भेगा किती लवकर पडतात ते बघायचं.

10.
ऊन आपल्याकडे कमी नाही.

11.
ओझोन भर रहदारीत थोडा दबतो, कारण ताजा धूरच तो खाऊन टाकतो. वाढतो तो वाऱ्याच्या दिशेने पुढे, मोकळ्या रानात.

12.
अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या कांद्याच्या शेतांत पातीचे शेंडे पांढरे पडून वाळत. 1960 च्या दशकात एंगल आणि गेबलमन या संशोधकांनी त्यात ओझोनचा हात दाखवला. काही जाती टिकत होत्या. ओझोन आला की त्या पानांची रंध्रं मिटून घेत.

इकडे आमच्या बागलाणात पात करपली की आपण बुरशी बघतो, फुलकिडे बघतो. बहुतेक वेळा तेच असतात. मी फक्त नोंद करून ठेवतो.

13.
फोक्सवॅगनने डिझेल गाड्यांत असं सॉफ्टवेअर टाकलं की चाचणीत गाडी स्वच्छ आणि रस्त्यावर घाण. सप्टेंबर 2015 मध्ये ते उघड झालं. भारतात सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलावल्या गेल्या. राष्ट्रीय हरित लवादाने मार्च 2019 मध्ये 500 कोटींचा दंड ठोठावला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने सक्तीची कारवाई थांबवली.

14.
डिझेल मोटारीला दर किलोमीटरला नायट्रोजनचे ऑक्साइड किती चालतात: बीएस-4 मध्ये 0.25 ग्रॅम, एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 मध्ये 0.08. एवढं खाली आणायला किती प्रयोगशाळा राबल्या असतील. डब्यातला पत्रा हाताने कापलेला होता.

15.
पुन्हा तेच गॅरेज. या वेळी म्हणालो, पत्रा काढू, वाल उघडून साफ करू. फिटरने हरकत घेतली नाही. "वेळ लागेल," एवढंच म्हणाला. दोन बोल्ट गंजलेले. वालाच्या बुडाला कार्बनचा एक खडा, हरभऱ्याच्या डाळीएवढा. तेवढ्या खड्याने वाल मिटत नव्हता. कार्ब क्लीनर, जुना टूथब्रश, दीड तास.

16.
वाल चालतो का हे बघायची साधी रीत. इंजिन न्यूट्रलला चालू ठेवायचं, वालाच्या व्हॅक्यूम नळीला स्वच्छ पाइप जोडायचा आणि तोंडाने ओढायचं. इंजिन अडखळलं किंवा बंद पडलं तर वाल उघडतोय. सोडल्यावर चाल पूर्ववत झाली तर मिटतोयही. फिटरने ओढलं. इंजिन बंद पडलं. पुन्हा चालू केलं, एकसारखं चाललं. मग त्याच्याकडे काम शिकणाऱ्या पोराने पाइप मागून घेतला.

17.
सेलबारी, तिसरा गिअर, अर्धा ॲक्सिलरेटर. काच खाली करून वरपर्यंत ऐकत गेलो. टकटक नाही.

18.
काल गॅरेजवरून गेलो. एका पिकअपचं बॉनेट उघडं. पोरगा मॅनिफोल्ड खरवडत होता, खाली वर्तमानपत्रावर काजळीचा ढीग. पत्र्याचा डबा फळीवर होता. झाकण लावलेलं.