लॉर्ड हाऊ बेटाचा पाम

दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत, जेथें उन्हाचा कवडसाही क्वचितच पडतो अशा जागीं, कुंडींतील एक हिरवागार पाम डौलानें उभा असलेला पुष्कळांनीं पाहिला असेल. केंटिया हें त्याचें प्रचलित नांव. इतर रोपें जेथें चार महिन्यांत माना टाकतात, तेथें हा वर्षानुवर्षें कसा टिकतो, याचें उत्तर त्याच्या जन्मभूमींत सांपडतें.

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यापासून सुमारें ६०० किलोमीटरांवर, भर समुद्रांत, लॉर्ड हाऊ नांवाचें चिमुकलें बेट आहे. लांबी सुमारें १० किलोमीटर, रुंदी फार तर २. ज्वालामुखीनें घडविलेल्या या बेटाच्या पश्चिमेस प्रवाळांनीं अडविलेला उथळ, निळा जलाशय आहे. दक्षिणेस ८७५ मीटर उंचीच्या गॉवर पर्वताचा माथा वारंवार ढगांत बुडालेला असतो. १७८८ सालीं ब्रिटिश खलाशांच्या दृष्टीस हें बेट पडलें, तेव्हां तेथें मनुष्यवस्ती नव्हती. आजही कायमचे रहिवासी चारशेंच्या आसपासच आहेत. केंटिया पाम निसर्गतः उगवतो तो जगांत या एकाच ठिकाणीं.

तेथें तो दहा-पंधरा मीटर उंच होतो, हें ऐकून कुंडींतील ठेंगणें झाड पाहणाऱ्यास नवल वाटेल. पण त्याचें बालपण मोठ्या वृक्षांच्या दाट छायेंत जातें. बीं रुजण्यासच महिने, कधीं वर्षाहून अधिक काळ लागतो. मग मिळेल त्या उजेडावर गुजराण करीत रोपटें वर्षामागून वर्षें वाट पाहत राहतें. आपल्या घरांतील केंटिया म्हणजे हेंच वाट पाहणारें बालक होय. त्याची संथ वाढ हा रोग नव्हे, स्वभाव आहे.

म्हणून त्यास थेट ऊन दाखवूं नये, पानें करपतात. वरची माती सुकल्यावरच पाणी द्यावें, आणि कुंडीखालील बशींत तें सांचूं देऊं नये. देशावरील वैशाखाच्या झळांपासून त्यास जपावें, पानांवरील धूळ ओल्या फडक्यानें पुसावी, आणि मुळांना वारंवार डिवचूं नये.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपांतील अंधाऱ्या दालनांत या पामास मोठी मागणी आली, आणि त्याच्या बियांवर बेटावरील कुटुंबें पोसलीं जाऊं लागलीं. परंतु १९१८ सालीं ‘माकाम्बो’ नांवाचें जहाज तेथें रुतलें आणि त्यांतून उंदीर उतरले. त्यांनीं बिया फस्त केल्या. केवळ तेथेंच आढळणाऱ्या पक्ष्यांच्या पांच जाती त्यांच्यापायीं नामशेष झाल्या. अखेर २०१९ सालीं उंदरांच्या निर्मूलनाची मोठी मोहीम झाली, आणि त्यानंतर रानांत कोवळीं रोपें पुन्हा डोकें वर काढूं लागलीं.

कुंडींतील पाम विकत मिळतो, त्याचें रान मिळत नाहीं. आपल्या कोपऱ्यांतील ही हिरवळ त्या दूरच्या बेटावर जमिनीवर गळलेलें बीं निर्धास्त रुजण्यावर अवलंबून आहे, याचें स्मरण पाणी घालतांना असावें.