निर्मळची मावशी आणि गाडीतलं गाणं

मैत्रिणींनो, सहलीला जायचं म्हटलं की आपल्याला महाबळेश्वर, माथेरान आठवतं. विरार लोकलमधून रोज दिसणारं नालासोपारा कुणाच्या मनातही येत नाही. स्टेशनावरची गर्दी आणि दाटीवाटीच्या इमारती पाहिल्या की वाटतं, इथे काय पाहायचं? पण पश्चिमेला उतरून सोपारा गावाकडे वळलं, की थोड्याच वेळात वाड्या लागतात, केळीची पानं दिसतात, आणि इमारती हळूहळू मागे पडतात.

माझी मावशी निर्मळला राहते. वय एक्याऐंशी. आईला जाऊन दोन वर्षं झाली, आणि तेव्हापासून मावशीकडे जायचं राहूनच गेलं होतं. यंदा दिवाळी झाल्यावर ह्यांना म्हटलं, "आता कारणं नकोत. रविवारी गाडी काढा." धाकटाही बरोबर आला.

जाण्यामागे आणखी एक हेतू होता. माझ्या फोनमध्ये आईचा आवाज आहे. भाचीच्या हळदीला आईने म्हटलेली गाणी मी 2018 साली सहज फोनवर घेतली होती. अकरा मिनिटांचं ध्वनिमुद्रण. मावशीला ते ऐकवायचं होतं. पण तिला कमी ऐकू येतं, आणि फोनचा तो चिमुकला आवाज तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हटलं, गाडीच्या स्टीरिओवर लावू. दारं-खिडक्या बंद केल्या की छान ऐकू येईल.

वाटेत सोपाऱ्याचा स्तूप पाहिला. गावातले लोक त्याला 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी 1882 साली तो खणला, तेव्हा आत दगडी पेटी मिळाली. तिच्यात एकात एक ठेवलेले करंडक होते आणि सर्वांत आतला सोन्याचा! आपण फराळाच्या डब्यात छोटा डबा ठेवतो ना, तसं. भोवती ब्राँझच्या आठ बुद्धमूर्ती. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात या बंदराचं नाव आहे. म्हणजे आपण जिथे लोकलच्या धक्क्याने वैतागतो, तिथे एकेकाळी परदेशची जहाजं लागत होती.

त्याच वर्षी भातेला तळ्याजवळ सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्यातला मजकूर मला फार आवडतो. आधीचे राजे मौजेसाठी, शिकारीसाठी फिरायला निघत. अशोकाने त्याऐवजी धर्मयात्रा सुरू केल्या. साधूंना भेटायचं, वृद्धांची विचारपूस करायची, त्यांना काही द्यायचं. वाचल्यावर ह्यांना म्हटलं, "बघा, आपणही तेच करतोय!" हे हसले.

आता गंमत पाहा. सोपाऱ्याला मिळाला तो नुसता तुकडा, त्यावर थोडीच अक्षरं. तरी पूर्ण मजकूर आपल्याला ठाऊक आहे. का? तर अशोकाने तोच लेख गिरनारला, कालसीला, धौलीला अशा कितीतरी ठिकाणी कोरवून ठेवला होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

निर्मळला तळ्याकाठी शंकराचार्यांचं मंदिर आहे. कार्तिकात तिथे मोठी यात्रा भरते. मंदिरात जाऊन मग मावशीकडे जेवलो. तिने सुकेळी बांधून दिली, आणि तिला घेऊन आम्ही कळंबच्या किनाऱ्यावर गेलो. सुरूच्या सावलीत गाडी उभी केली. मावशी पुढच्या सीटवर, मी मागे.

फोन पाहते तर बॅटरी नऊ टक्के! जुना फोन, सकाळपासून फोटो काढलेले. घाईने चार्जर गाडीच्या लायटरच्या खाचेत लावला, दुसरी वायर स्टीरिओला जोडली आणि गाणं सुरू केलं. तर काय, आईच्या आवाजावर कुईंऽऽ असा एक सूर! ह्यांनी गाडी थोडी रेस केली, तर तो सूरही चढला. मावशी म्हणाली, "बाय, हा भोंगा कसला गो? आक्का कुठे हाय?" मला रडूच आलं.

धाकट्याने पटकन चार्जर उपटला. त्याबरोबर कुईंऽऽ गायब, आणि आई स्वच्छ ऐकू आली.

हे असं का होतं, ते त्याने मला नंतर समजावलं. तुमच्या गाडीतही होत असेल, म्हणून सांगते. फोन एकीकडे चार्जरच्या वायरने गाडीला जोडलेला असतो आणि दुसरीकडे गाण्याच्या वायरने. म्हणजे विजेला परतायला दोन वाटा मिळतात. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या अल्टरनेटरची घरघर त्या फेऱ्यातून गाण्यात शिरते. म्हणूनच इंजिन जोरात फिरलं की सूर चढतो. एक वाट तोडली की झालं.

त्याचे उपाय सोपे आहेत. फोन घरूनच भरून न्यावा, किंवा पॉवर बँकेवर लावावा. तिचा गाडीशी संबंध नसतो, त्यामुळे आवाज येत नाही. स्टीरिओत ब्लूटूथ असेल तर गाणं विनावायर जातं, मग चार्जर खुशाल लावा. स्टीरिओच्या यूएसबीतून फोनचं गाणं वाजत असेल, तर एकाच वायरने गाणं आणि चार्जिंग दोन्ही होतं. मात्र फोन सावकाश भरतो. आणि वायरीशिवाय गत्यंतर नसेल, तर 'ग्राउंड लूप आयसोलेटर' नावाची छोटी डबी दुकानात मागा. ती गाण्याच्या वायरीत मध्ये जोडायची. आणखी एक: फोनचा आवाज बराच मोठा ठेवून स्टीरिओचा बेताचा ठेवावा, खरखर कमी होते. फोन डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नये. उष्णतेने बॅटरी लवकर म्हातारी होते. आणि ही सगळी जोडाजोड गाडी उभी असतानाच करावी, बरं का!

त्या दिवशी मात्र यातलं काहीच जवळ नव्हतं. चार्जर लावावा तर भोंगा, काढावा तर नऊ टक्के. ह्यांनी इंजिन बंद केलं, नुसती किल्ली फिरवून स्टीरिओ चालू ठेवला. मावशी डोळे मिटून ऐकत होती. हात मांडीवर ताल धरत होता. सात टक्के, चार टक्के... मी तिच्याकडे पाहू की फोनकडे, कळेना. आणि ऐन गाण्याच्या मध्यात फोन बंद पडला.

गाडीत कुणी बोललं नाही. मग मावशीने डोळे न उघडताच पुढची ओळ उचलली. आवाज थरथरता, पण चाल तीच. आईला येत नव्हती अशी दोन कडवीही तिने म्हटली. म्हणाली, "आक्का हे नेहमी विसरायची. मीच सांगायची तिला." धाकट्याने कधी आपला फोन पुढे धरला, मला कळलंही नाही.

घरी आल्यावर फोन चार्ज होईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. चालू झाला, आईचा आवाज होता. त्याच रात्री दोघींची गाणी ह्यांच्या फोनवर, संगणकावर आणि भाचीकडे अशी तीन ठिकाणी ठेवली. अशोकाचं शहाणपण आपण का घेऊ नये?

तेव्हा मैत्रिणींनो, नालासोपाऱ्याला जरूर जा. स्तूप पाहा, निर्मळचं तळं पाहा. पण त्याआधी तुमच्या फोनमध्ये कुणाचा आवाज एकटाच पडून आहे का, ते बघा. आणि ज्यांचा अजून घेतलेला नाही, त्यांच्याकडे येत्या रविवारीच जाऊन या.