मुलांना घेऊन लंकेला

मैत्रिणींनो, मे महिन्याची सुटी लागली की घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो. मुलांना कुठे न्यायचे? माझे सासर अंबरनाथचे, माहेर बदलापूरचे. मामाच्या गावाला जायला लोकलचे एकच स्टेशन! त्यात आपल्याकडचा उन्हाळा असा, की दुपारी पारा चाळिशी ओलांडतो. म्हणून ह्यांनी समुद्राचा बेत काढला, आणि तोही परदेशी. ऐकून माझ्या पोटात गोळाच आला. खर्चाचा नव्हे, उन्हाचाही नव्हे. पाण्याचा.

२६ जुलै २००५ चा दिवस तुमच्यापैकी कितीजणींना आठवत असेल! सांताक्रूझला त्या एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि इकडे उल्हास नदी आमच्या बदलापूरच्या घरात शिरली. मी तेव्हा बारावीत होते. शेजारच्यांच्या गच्चीवर बसून आम्ही रात्र काढली. तेव्हापासून पाणी म्हटले की मी चार पावले मागे. आणि आता सात वर्षांची मुलगी, तीन वर्षांचा मुलगा, नि समोर समुद्र! पण हे म्हणाले, "तुझी भीती पोरांना वारसाहक्काने द्यायची आहे का?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

तुमच्याही घरी असा बेत शिजत असेल, तर पहिली गोष्ट ध्यानात ठेवा. तिकिटाच्या किमतीआधी पावसाचे वेळापत्रक पाहा. आपली सुटी मे महिन्यात. नेमका तेव्हाच थायलंडच्या फुकेतकडे पावसाळा सुरू होतो, समुद्र खवळतो आणि किनाऱ्यावर लाल बावटे लागतात. श्रीलंकेच्या कोलंबो-गॉल बाजूलाही तेच. पण त्याच श्रीलंकेचा पूर्व किनारा मे ते सप्टेंबर कोरडा आणि शांत असतो. तिथल्या पासिकुडाच्या उपसागरात तर कितीतरी अंतर आत गेले तरी पाणी गुडघा-मांडीपर्यंतच. लहान मुलांसाठी याहून चांगले काय? मुंबईहून कोलंबो अडीच तासांवर. घड्याळही बदलावे लागत नाही, म्हणजे मुलांच्या झोपेचे नि जेवणाचे तंत्र बिघडत नाही.

सासूबाईंनी मात्र कपाळाला हात लावला. "सगळं जग सोडून रावणाच्याच गावाला?" मी दागिने कपाटात ठेवून गळ्यात काळ्या मण्यांची पोत तेवढी घातली, तर नणंद म्हणाली, "वहिनी, आता खरी लंकेची पार्वती झालीस!" हसू द्या कुणाला हसायचे ते. समुद्रावर आणि तेही मुलांसोबत, अंगावर सोने नसलेलेच बरे.

तयारीला दोन महिने आधी लागा. मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो. घरात जुना पडला असेल तर तारीख पाहा. जन्मदाखल्यावरचे नाव आणि आईवडिलांच्या कागदांवरची नावे अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. कपड्यांसाठी आम्ही उल्हासनगरला गेलो. कॅम्प दोनच्या गजानन मार्केटात आणि जपानी बाजारात काय मिळत नाही! मुलांना पोहायला पूर्ण बाह्यांचे, अंगभर कपडे घ्या. ऊन कमी लागते. आणि हो, रंग भडक नारिंगी किंवा पोपटी निवडा. निळा किंवा पांढरा कपडा पाण्यात दिसेनासा होतो.

बॅगेत काय घ्यावे? मेतकूट, खाकरे, नाचणीचे सत्त्व, मीठ-साखरेच्या पाण्याची औषधी पाकिटे, तापमापक, आणि डॉक्टरांना वजन सांगून लिहून घेतलेले तापाचे औषध. पाकिटे संपली तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. चमचा चहाचा, हे विसरू नका. विमान खाली उतरताना मुलांचे कान दुखतात. तेव्हा घोटघोट पाणी पाजा, तान्हे असेल तर अंगावर घ्या. आणि आपल्याकडून निघणार असाल, तर काटई-शिळफाट्याच्या कोंडीला दोन तास जास्तीचे धरा.

विमानतळापासून पासिकुडा मोटारीने सहाएक तास. मुलांना एका दमात एवढे नेऊ नये. आम्ही वाटेत दांबुल्लाला मुक्काम केला. सकाळी ताटात काय आले म्हणता? तांदळाच्या शेवया आणि नारळाच्या दुधाचा पातळ रस्सा. अहो, आपल्या कोकणातल्या शिरवाळ्यांची सख्खी बहीणच! धाकट्याने दोन वाट्या संपवल्या. मडक्यातले म्हशीचे दही आणि त्यावर काकवीसारखा पाक थोरलीला इतका आवडला, की मेतकूट तसेच परत आले.

आता उन्हाविषयी. आपण बदलापूर-अंबरनाथचा उकाडा सोसतो, तेव्हा समुद्रावरचे ऊन काय करणार, असे मनात आणू नका. तिथे वाऱ्याने नि ओल्या अंगाने ऊन जाणवत नाही, आणि मूल आतून सुकत जाते. आम्ही सकाळी नऊपर्यंत आणि साडेचारनंतरच पाण्यात जात होतो. मधल्या वेळात जेवण, झोप, गोष्टी. तहान लागो न लागो, अर्ध्या तासाने शहाळ्याचे किंवा साधे पाणी. तिथली केशरी रंगाची शहाळी फार गोड. मूल नेहमीपेक्षा कमी वेळा शू करू लागले, जीभ कोरडी पडली, रडताना डोळ्यांत पाणी दिसेना, मूल मलूल झाले, की वाट न पाहता डॉक्टर गाठा.

आणि पाण्याचा पहारा. आम्ही नियम केला होता, लाल टोपी ज्याच्या डोक्यावर, त्याने मुलांवरून नजर काढायची नाही. फोन नाही, फोटो नाही, गप्पा नाहीत. आणि धाकट्यापासून हाताच्या अंतरावर राहायचे. वीस मिनिटांनी टोपी दुसऱ्याकडे. दुसऱ्याच दिवशी तिची परीक्षा झाली. गुडघाभर पाण्यात धाकटा खेळत होता. पाय सरकला नि तो पालथा पडला. ना किंकाळी, ना हातपाय आपटणे. काही म्हणता काही आवाज नाही! टोपी ह्यांच्या डोक्यावर होती. दोन सेकंदांत त्यांनी त्याला उचलले. तो खोकला, रडला, नि पुन्हा वाळूत खेळू लागला. मी मात्र कितीतरी वेळ थरथरत होते. मैत्रिणींनो, सिनेमात बुडणारा माणूस ओरडतो. खरे मूल गुपचूप बुडते. एवढे एक वाक्य या लेखातून घेतलेत तरी पुरे.

त्या संध्याकाळी किनारा झाडणारी एक तमिळ बाई माझ्याजवळ येऊन बसली. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची. समुद्राकडे बोट दाखवून तिने हात माडाच्या बुंध्यावर उंच नेला आणि बोटांवर साल मोजले. २००४. त्या २६ डिसेंबरच्या सुनामीने हा किनाराही धुऊन नेला होता. मी तिला माझ्या खांद्यापर्यंत हात नेऊन दाखवले, आमच्या घरात पाणी इथवर आले होते. ती मान हलवत राहिली. मग तिने थोरलीचा हात धरला, तिला पाण्यात नेले, आणि पाठीखाली तळवा ठेवून उताणे तरंगायला शिकवले. जिचे सगळे पाण्याने नेले असेल, ती माझ्या मुलीला पाण्याशी सलगी शिकवत होती! मीही पदर खोचला नि कमरेपर्यंत आत गेले. वीस वर्षांनी.

परत आल्यावर मुलीला आम्ही पोहण्याच्या वर्गात घातले आहे. आता पाऊस तोंडावर आला. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली होती आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले, हे आपण पाहिलेच आहे. म्हणून थोरलीला मी बजावले आहे, "बाळे, पोहता आलं म्हणून उल्हासच्या पुरात किंवा कोंडेश्वरच्या धबधब्यात उतरायचं नाही. चढलेलं पाणी पोहणाऱ्यालाही ओळख देत नाही." मुलांना पाण्याची भीती नको, पण अदब हवी. ती शिकवायला लंकेलाच जायला हवे असे नाही. जवळच्या तलावात, तुमच्या डोळ्यांसमोर, या सुटीतही सुरुवात करता येईल. लाल टोपी तेवढी विसरू नका!