कँटीन बंद असताना

रातपाळीला पहाटे तीनच्या सुमारास भाताचा वास आला. साधासुधा नाही, आंबेमोहराचा. कँटीनचे बर्नर कधीच बंद झालेले, आणि आमच्या कँटीनमध्ये आंबेमोहर शिजायचा तर आधी ठेकेदाराला वेड लागायला हवं. चहाचा कागदी कप घेऊन मी शेडच्या मागच्या दाराशी, स्क्रॅप यार्डाकडे तोंड करून उभा होतो. वास आला तसा गेला. मग वर पत्र्यावर कोणी अनवाणी चालत गेल्यासारखी पावलं वाजली.

"उद आहे साहेब," गेटवरचे मामा म्हणाले. मामा खेड तालुक्यातलेच. चाकणला आमची कंपनी उभी आहे त्या जमिनीत त्यांच्या वडिलांचा कांदा व्हायचा. "आपण यायच्या आधीपासनं आहे ते." मग थांबून म्हणाले, "म्हणजे, तुम्ही यायच्या आधीपासनं."

एवढी एका शब्दाची दुरुस्ती, पण ती माझ्या खिशात राहून गेली.

उद म्हणजे उदमांजर. नावात मांजर असलं तरी ते मांजराच्या कुळातलं नाही. राखी काळपट अंग, पाठीवर ठिपक्यांच्या तुटक रांगा, जवळजवळ अंगाइतकी लांब शेपूट आणि डोळ्यांभोवती काळा पट्टा, तोंडाला फडकं बांधून निघाल्यासारखा. एवढ्या पट्ट्यावरून माणसांनी त्याचा निकाल लावून टाकला. कोकणात त्याला कांडेचोर म्हणतात. कुठे मसण्याउद म्हणतात, कारण ते मढी उकरतं असा समज. हे मढी उकरणारं जनावर प्रत्यक्षात खातं काय, तर वड-पिंपळाची फळं, उंबरं, जांभळं, चिकू आणि तोंडी लावायला उंदीर. पावसाळ्याच्या तोंडाला आमच्या गच्चीच्या कठड्यावर सकाळी जांभळाच्या बियांचा एक नीटस ढीग असतो. बिया धुतल्यासारख्या स्वच्छ. चोरीचा माल असा उघड्यावर मांडून ठेवणारा चोर मी दुसरा पाहिला नाही. आणि तो भाताचा वास त्याच्या अंगचाच. शेपटीखालच्या ग्रंथींतून तो पाझरतो. बंगालीत त्याला गंधगोकुळ म्हणतात. नाव ठेवावं तर असं.

तसाच काळा पट्टा बांधलेला दुसरा चोर मला भेटला तो फार लांब, जर्मनीत. कंपनीने तीन महिन्यांसाठी कासेलला पाठवलं होतं, गिअरबॉक्सचं काम शिकायला. एका शनिवारी तिथल्या सोबत्यांबरोबर एडरझेच्या काठी तंबू ठोकले. एडरझे म्हणजे धरणाचं पाणी. आपल्या पवनेसारखंच, डोंगरांच्या कुशीत शिरलेलं. 1914 साली बांधून झालेलं हे धरण 1943 च्या मे महिन्यात ब्रिटिश विमानांनी फोडलं होतं. हा सगळा इतिहास सांगून झाल्यावर एक सोबती म्हणाला, खायचं काही तंबूत ठेवू नकोस. आईच्या हातचा चिवडा गाडीच्या डिकीत ठेवायला माझं मन होईना. पिशवीला दोन गाठी मारून ती उशाशी घेतली.

रात्री जाग आली ती तंबूची चेन सरकल्याच्या आवाजाने. फाडल्याचा, कुरतडल्याचा आवाज नव्हे, चेन सरकल्याचा. टॉर्च लावला तर आधी दिसले हात. त्यांना पंजे म्हणवेना. सुटी सुटी पाच बोटं, आणि ती बोटं गाठ सुटलेल्या पिशवीत चाचपत खोबऱ्याचे काप वेचून काढत होती. नजर माझ्यावर, हात आपल्या कामात. आमच्या लाइनवरचे मुरलेले कामगार बोलता बोलता नट फिरवतात, अगदी तसं. खोबरं संपलं, मग शेंगदाणे. डाळं त्याला आवडलं नसावं. मी "ए!" म्हणालो. मराठीत. ते रकून होतं. जर्मन त्याला वाशबेअर म्हणतात, धुणारं अस्वल. रकून हा शब्दही अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला, हातांनी खरवडणारा अशा अर्थाचा. त्याला नाव देताना सगळ्यांचं लक्ष हातांकडेच गेलेलं दिसतं.

सकाळी सोबत्याने उरलेली गोष्ट सांगितली. हे जनावर मुळात उत्तर अमेरिकेतलं. 1934 च्या एप्रिलमध्ये याच एडरझेच्या काठी त्याच्या दोन जोड्या मुद्दाम सोडल्या, जंगलाची शोभा वाढावी म्हणून. आज ती जर्मनीभर लाखांच्या घरात आहेत. कासेल शहरात तर घरांच्या माळ्यांवर, धुराड्यांत त्यांचे संसार आहेत. 2016 साली युरोपीय संघाने त्यांना उपद्रवी परक्या जातींच्या यादीत घातलं. पिढ्यान् पिढ्या तिथे जन्मलेली, तिथलाच बर्फ पाहिलेली, तरी परकी. तीन महिन्यांचा व्हिसा खिशात असलेला मी त्या तंबूच्या चेनकडे बघत बसलो. तिच्यावर एक ओरखडा नव्हता.

परतल्यावर चाकण जरा वेगळं दिसायला लागलं. या मातीला छावण्या नव्या नाहीत. 1660 साली शाहिस्तेखानाची छावणी इथल्या संग्रामदुर्गाभोवती पडली, आणि फिरंगोजी नरसाळ्यांनी तो एवढासा भुईकोट छप्पन्न दिवस लढवला. आता पडल्या आहेत त्या आमच्या छावण्या. 1954 साली पिंपरीत पेनिसिलिनचा सरकारी कारखाना आला, साठच्या दशकात एमआयडीसी आली, आणि मग तंबू भोसरी, तळवडे करत इंद्रायणी ओलांडून महाळुंगे, निघोजे, खराबवाडीपर्यंत सरकत गेले. मी स्वतः लातूरहून आलो तेव्हा कॉट बेसिसवर राहिलो. एका खोलीत सहा जण, तीन पाळ्या; एक उठला की दुसरा त्याच कोमट गादीवर आडवा व्हायचा. तंबू याहून वेगळा काय असतो? दिवाळीला सगळी छावणी उठते, एसट्या भरभरून निघतात, आणि चार दिवस रस्ते अचानक रुंद होतात. त्या चार रात्री पत्र्यावरची पावलं बिनधास्त वाजतात, असं मामा सांगतात.

कासेलचा परका माळ्यावर राहतो आणि चाकणचा मूळ रहिवासीही पत्र्याखालीच राहतो, हे मला गमतीचं वाटलं होतं. मामांना सांगितलं तर ते हसले नाहीत. "त्याचं झाड तोडलं साहेब, मग ते शेडात येणारच की," एवढंच म्हणाले आणि आलेल्या ट्रकचा नंबर वहीत लिहायला वळले.

यंदा मे महिन्यात मेंटेनन्सवाल्यांनी पन्हाळी साफ करायला घेतल्या. पत्र्याच्या सांध्यात पिंपळाचं वीतभर रोप उगवलं होतं. पाखरांनी आणलं की उदाने, कोण सांगणार! पिंपळ म्हटल्यावर हात लावायला कोणी पोरगा तयार होईना. शेवटी मामाच शिडी चढले. मुळं हळूहळू मोकळी करून त्यांनी रोप सबंध खाली आणलं आणि रिकाम्या ऑइलच्या डब्यात, मूठभर माती घालून लावलं. डबा गेटवरच्या केबिनच्या सावलीत ठेवला. रोज उरलेला चहाही त्यालाच.

"मामा, पिंपळ आहे. डब्यात किती दिवस राहील? लावणार कुठे?"

मामांनी गेटच्या आत पाहिलं, मग बाहेर. आत पेव्हर ब्लॉक, बाहेर हायवे.

"बघू," ते म्हणाले. "आहे तोवर आहे."