सहावा रकाना

प्रवासाला निघण्यापूर्वी मी आलेखाच्या कागदावर एक तक्ता आखला होता. आडव्या ओळींत चार बंदरे होती: बर्गन, गेइरांगर, फ्लोम आणि स्टाव्हांगर. उभ्या रकान्यांत पाच गोष्टी होत्या: चालण्याचे अंतर, पायऱ्या, बसण्याची सोय, स्वच्छतागृह आणि औषधाची वेळ. आमचे जहाज कोपनहेगनहून सुटून नॉर्वेच्या फियॉर्डांत, म्हणजे डोंगरांमध्ये खोलवर शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्यांत, फिरून पुन्हा कोपनहेगनला येणार होते. तीन महिने खपून केलेल्या त्या तक्त्याचा मला अभिमान होता. त्यात एक रकाना राहून गेला आहे, हे मात्र पहिले बंदर मागे पडेपर्यंत माझ्या ध्यानात आले नाही.

माझ्या यजमानांना कंपवाताचे निदान होऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. वय त्र्याहत्तर. नोकरीची उमेदीची वर्षे त्यांनी कोयनेच्या वीजगृहात काढली. नॉर्वे पाहण्याची इच्छा जुनीच होती. डॉक्टर म्हणाले, "जायचे असेल तर आत्ता जा, दोन वर्षांनी मला विचारू नका." जलप्रवास निवडण्याचे कारण उघड होते. सामान एकदाच उघडायचे, खोली तीच, पलंग तोच, स्नानगृहातला आधाराचा दांडा तोच, आणि गावे आपल्याकडे चालत येणार.

पण गाव जहाजाशी आले तरी गावात आपल्यालाच उतरावे लागते. जहाज सकाळी बंदराला लागते आणि संध्याकाळी सुटते. मधल्या आठ-नऊ तासांत काय करायचे, हा या प्रवासातला खरा प्रश्न. त्याला दोन वाटा असतात. एक, जहाजाने आखलेली सहल घ्यायची. ती महाग पडते, चाल इतरांच्या गतीने ठेवावी लागते. मात्र अशा सहलीला परतायला उशीर झाला तर जहाज थांबते. दुसरी, आपले आपण उतरायचे. खर्च कमी, गती आपली. पण ठरल्या वेळेस परतलो नाही तर जहाज निघून जाते. ज्याचे पाऊल केव्हा अडखळेल याचा नेम नाही, त्याच्यासाठी मी पहिली वाट निवडली, आणि प्रत्येक ठिकाणी पुस्तिकेत 'हलकी' असे लिहिलेली सहल शोधली.

औषधांची व्यवस्था तेवढी चोख केली होती. लेव्होडोपाच्या गोळ्या दिवसातून चार वेळा, जेवणाच्या अर्धा तास आधी, कारण प्रथिने भरपूर असलेल्या अन्नाबरोबर ती नीट शोषली जात नाही. उन्हाळ्यात तिथले घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे असते. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने कोपनहेगनला दोन दिवस आधी पोहोचून गोळ्यांच्या वेळा बसवून घेतल्या. गोळ्या दोघांच्या हातातल्या पिशव्यांत अर्ध्या-अर्ध्या विभागल्या, मोठ्या सामानात एकही ठेवली नाही. औषधांची मूळ नावे लिहिलेले डॉक्टरांचे पत्र जवळ होते. आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी बजावून सांगितली होती: समुद्रात मळमळ झाली तर मेटोक्लोप्रामाइडसारखे औषध परस्पर घ्यायचे नाही, ते कंपवात वाढवते. जहाजावरच्या डॉक्टरांनाही आम्ही हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवले. जूनमध्ये तिकडे रात्री अकराच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे झोपेसाठी डोळ्यांवर बांधायची काळी पट्टीही घेतली होती. माझ्या यादीत काही राहिले नव्हते, असे मला वाटत होते.

बर्गनला पाऊस होता. या गावात वर्षातले दोनशेहून अधिक दिवस पाऊस पडतो, त्यामुळे त्याचे नवल नव्हते. आमची 'हलकी' सहल बसची होती, साडेतीन तासांची, चार थांब्यांची. चालणे थोडेच, हे खरे होते. पण बसच्या पायऱ्या उंच होत्या, आणि चार वेळा उतरायचे म्हणजे चार वेळा चढायचेही. पुस्तिकेत चालण्याचे अंतर दिलेले असते, बसची पायरी किती उंच आहे ते नसते. जमीन दगडी आहे की सपाट, तेही नसते. अकराच्या गोळीची वेळ झाली तेव्हा पाण्याची बाटली बसमध्ये आणि आम्ही बाहेर. गोळी चाळीस मिनिटे लांबली.

ब्रुगेन या जुन्या धक्क्यावर व्यापाऱ्यांची लाकडी घरे ओळीने उभी आहेत. 1702च्या आगीनंतर ती जुन्या धर्तीवर पुन्हा बांधली गेली आणि 1979पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. मला त्यांतले फारसे आठवत नाही. मला आठवतात ते ओले गोटे आणि त्यांच्यावर खिळलेले यांचे दोन पाय. कंपवातात असे होते. पाय जणू जमिनीला चिकटतात. मन पुढे जाते, पाऊल जात नाही. आमची मार्गदर्शक हातातला फलक उंच धरून पुढे निघून गेली होती. मी घाबरून यांचा हात ओढला, म्हणजे जे करू नये नेमके तेच केले, आणि हे पुढे झुकले. मग व्यायाम शिकवणाऱ्या बाईंचे शब्द आठवले: ओढायचे नाही, थांबायचे, श्वास घ्यायचा, वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्यायचे आणि ओलांडायला काहीतरी द्यायचे. मी छत्री मिटली आणि यांच्या बुटांपुढे आडवी ठेवली. यांनी तिच्याकडे पाहिले आणि सावकाश ती ओलांडली. मग दुसरे पाऊल, मग तिसरे. आम्ही दोघेही चिंब भिजून बसपर्यंत पोहोचलो.

संध्याकाळी खोलीत यांनी तक्ता मागितला. चष्मा लावून बराच वेळ वाचला.

"उत्तम केलायस," हे म्हणाले. "आमच्या दप्तरात शोभला असता. पण यात मला काय पाहायचंय, त्याचा रकाना कुठे आहे?"

मला रागच आला. "अहो, मग हे सगळं मी कुणासाठी केलं?"

"माझ्या आजारासाठी केलंस. यात मी कुठे सापडतो का, ते तूच बघ."

मी पाहिले. अंतर, पायऱ्या, बाक, स्वच्छतागृह, गोळी. हे कुठेच नव्हते.

मग मी तो प्रश्न विचारला, जो तीन महिन्यांपूर्वी विचारायला हवा होता. उत्तर तयार होते: फ्लोमची रेल्वे. नेमक्या त्याच सहलीवर मी लाल रेघ मारली होती. जाऊन-येऊन दोन तास, गर्दी, डब्याच्या पायऱ्या. "समुद्रसपाटीवरून निघते आणि वीस किलोमीटरांत साडेआठशे मीटरांच्या वर चढते," हे सांगू लागले. "वाटेत एक धबधबा आहे. त्याच्यावरचं वीजघर या रेल्वेसाठी बांधलंय. मला ते पाहायचंय. बाकी कुठे नाही गेलो तरी चालेल." चार वर्षांत इतके सलग वाक्य मी त्यांच्या तोंडून क्वचितच ऐकले होते.

दुसऱ्या दिवशी गेइरांगर होते. तिथे जहाज फियॉर्डात नांगर टाकते आणि प्रवाशांना छोट्या होड्यांतून किनाऱ्यावर नेतात. होडी खालीवर होत असते आणि मधले अंतर स्वतःच्या पायाने ओलांडावे लागते. ज्याला ते साधत नाही, त्याला जहाजावरचे कर्मचारी उतरू नका असे सांगतात, आणि ते योग्यच आहे. तक्त्यात मी लिहिले होते: 'दोघेही जहाजावर'. यांनी ते खोडले. "मी राहतो. तू जा."

मी नाही म्हणाले, वाद घातला, शेवटी अटी घातल्या. अकराची गोळी माझ्यासमोर घ्यायची. वरच्या मजल्यावर कठड्याजवळच्या खुर्चीत बसायचे, एकट्याने जिना उतरायचा नाही. स्वागतकक्षात सांगून ठेवायचे. दोन वाजता मी परत. इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. प्रत्येक रुग्णाला असे ठेवता येत नाही. ज्यांना विस्मरण आहे किंवा जे वारंवार पडतात, त्यांच्यासोबत कोणीतरी असलेच पाहिजे. यांची प्रकृती त्या वेळी तेवढी बरी होती.

गावामधून एक ओढा कोसळत खाली येतो आणि त्याच्या कडेने लोखंडी पायऱ्यांची वाट वर जाते. तीनशेहून अधिक पायऱ्या आहेत. मी चढू लागले आणि पहिली काही मिनिटे माझा डावा हात कुठे ठेवावा तेच मला कळेना. चार वर्षे तो कुणाच्या तरी कोपराखाली असतो. मी माझ्या वेगाने चालत होते, आणि माझा वेग किती आहे हे मी विसरून गेले होते. वर पोहोचून एका दगडावर बसले. खाली फियॉर्डात आमचे जहाज खेळण्याएवढे दिसत होते. मी त्याच्याकडे पाहत होते आणि, खरे सांगायचे तर, थोडा वेळ पाहत नव्हतेही. शुश्रूषा करणाऱ्यांनी स्वतःकडे लक्ष द्यावे, असे सगळेच सांगतात. त्याला एक मोकळी दुपार लागते आणि "तू जा" असे म्हणणारे माणूस लागते, हे मला तिथे उमगले.

परतले तेव्हा हे खुर्चीतच होते. शर्टावर चहाचा मोठा डाग होता. "सांडला," हे म्हणाले. "मग त्या मुलाकडून नळी मागून घेतली. दुसरा कप नळीने प्यायलो." जहाज निघाले तेव्हा 'सात बहिणी' नावाचा धबधबा आम्ही कठड्याशी उभे राहून पाहिला. तो पाहायला कुठेही उतरावे लागत नाही, जहाजच त्याच्यासमोरून जाते. हे मला आधी माहीत असते, तर गेइरांगरच्या ओळीत मी 'राहावे लागेल' असे न लिहिता 'राहण्यासारखे' असे लिहिले असते.

फ्लोमच्या गाडीची तिकिटे उन्हाळ्यात फार आधी संपतात. जहाजाच्या सहलींच्या कक्षात आम्हाला दोन जागा मिळाल्या, त्या कुणीतरी आयत्या वेळी रद्द केल्या म्हणून. यावर कुणी विसंबू नये. रात्री आम्ही दोघांनी मिळून त्या एका ओळीची पुन्हा आखणी केली. सातच्या गोळीनंतर तासाभराने यांचा चांगला वेळ सुरू होतो. गाडी त्याच वेळेतली. स्थानक धक्क्यापासून काही मिनिटांवर. तेवढ्यासाठी व्हीलचेअर घ्यायची, असे यांनीच सुचवले. घरी ज्या खुर्चीकडे हे बघतही नसत, तिच्याबद्दल म्हणाले, "पायांत वीज थोडी आहे. ती धक्क्यावर जाळायची की डब्यात चढायला ठेवायची?" त्या खुर्चीत बसण्याला मी आजवर हार समजत होते आणि बहुधा हेही समजत होते. त्या सकाळी ती केवळ बचत ठरली.

1940मध्ये सुरू झालेली ही रेल्वे नेहमीच्या रुळांवरून, दातेरी पट्टीच्या मदतीशिवाय, एवढा चढ चढते. यांनी खिडकीशी बसून मला तो चढ समजावला: अठरा मीटर पुढे, की एक मीटर वर. क्योसफॉस धबधब्यापाशी गाडी काही मिनिटे थांबते. तुषारांनी भिजलेल्या फलाटावर सगळे उतरले. तिथे उन्हाळ्यात संगीत वाजते आणि खडकांत एक नर्तिका दिसते. लोक तिची छायाचित्रे घेत होते. हे काठी टेकून उभे होते आणि पाणी कुठून वळवले असेल, नळ कुठून उतरले असतील, ते बोटाने मला दाखवत होते. कोयनेची आठवण निघाली, कोसळत्या पाण्याची उंची निघाली, पाणी कमी असेल तेव्हा काय करत असतील हा प्रश्न निघाला. बोट थरथरत होतेच. माझे लक्ष ते जिकडे दाखवत होते तिकडे होते.

स्टाव्हांगरची ओळ आम्ही मुद्दाम कोरी ठेवली. जहाज गावालगतच लागते. जुन्या पांढऱ्या लाकडी घरांच्या खालच्या अंगाला एका बाकावर बसून कॉफी घेतली, परत आलो आणि दुपारी झोपलो. लागोपाठ तीन दिवस उतरल्यावर चौथा दिवस विश्रांतीचा असावा, हे तक्ता करतानाच सुचायला हवे होते.

पुढच्या महिन्यात पुतण्याचे लग्न आहे, कोल्हापूरला. काल मी नवा कागद घेतला, रेघा मारल्या आणि अंतर, पायऱ्या, बसण्याची सोय असे लिहू लागले. मग थांबले आणि कागद यांच्यापुढे सरकवला. यांनी वाकड्यातिकड्या अक्षरांत पहिला रकाना भरला: 'मुहूर्ताला नको. पंक्तीला जायचंय. सगळे भेटतात.' त्याखाली, जरा वेळाने, आणखी एक ओळ लिहिली: 'तू मात्र मुहूर्ताला जा.'